साडूच्या ट्रॉलीचा डोळा

पुढे जाण्याचा अभिमान असणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण मागे जाण्याचा अभिमान असणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. या नात्याची गंमत अशी की त्यात माणूस निवडता येत नाही आणि टाळताही येत नाही. मित्राने नवी गाडी घेतली तर आपण महिनाभर त्याच्या आळीतून जात नाही, विषय मिटतो. साडूने घेतली तर ती आपल्याच दारात येऊन आपल्या गाडीला झाकून उभी राहते, आपलीच बायको तिला कौतुकाने ओवाळते आणि जेवताना आपल्याच पानासमोर तिचं गुणगान चालतं. मी त्याचा हेवा करतो हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे लपवता येणार नाही. मी पनवेलात शाळेत भूगोल शिकवतो. माझी गाडी लहान आहे, जुनी घेतलेली आहे, आणि ती मागे घेताना मी खांद्यावरून मान वळवून मागे बघतो. साडूच्या मते ही पद्धत आदिमानवाची आहे.

त्याची गाडी म्हणजे डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी, चिखलात बुडून पुन्हा वर येणारी अस्सल ऑफ-रोड गाडी. तिचं चाक माझ्या कमरेला लागतं. आत चढायला पायरी आहे आणि त्या पायरीवर पाय ठेवताना माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते आमच्या गाडीत वाकून शिरताना मी कधी पाहिलेलं नाही. साडू राहतो सुकापूरला. तिथे इमारती भराभरा उगवल्या, रस्त्यांना मात्र अजून उगवायला सवड मिळालेली नाही, त्यामुळे ऑफ-रोड जाण्यासाठी त्याला लांब जावं लागत नाही, घराचं फाटक उघडलं की झालं. दूध आणायला तो चारही चाकांचा जोर लावून जातो. मी एकदा विचारलं, "डेअरी तर कोपऱ्यावर आहे. चालत का जात नाहीस?" त्यावर तो माझ्याकडे कणवेने बघत म्हणाला, "दादा, गाडीला सवय राहिली पाहिजे ना. उद्या एकदम डोंगर समोर आला तर ती बावचळायची." त्याचा धंदा जमिनीच्या प्लॉटांचा आहे. डोंगर त्याच्यासमोर कधी एकदम आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यातून त्याला गाडीला काही ना काही जोडत राहण्याचं वेड. लोक मुलींच्या अंगावर दागिने घालतात तसे हा गाडीच्या अंगावर वस्तू चढवतो. टपावर दिव्यांची रांग आहे, ती लावली की शेजारच्या कोंबड्या आरवतात. काचेजवळ गाडी किती कलली आहे ते दाखवणारं एक यंत्र आहे. गाडी अंगणात सपाट उभी असतानाही तो ते पाहून "आता अगदी सरळ आहे" असं सांगतो. पुढच्या बाजूला लोखंडी दोर गुंडाळलेला एक रहाट बसवला आहे, चिखलात अडकलेली गाडी ओढून काढायला. पण कोणाची गाडी अडकेना. हा रोज संध्याकाळी नव्या पनवेलच्या वाटेवर आशेने फेरी मारून यायचा आणि हिरमुसून परत यायचा. शेवटी त्याने परसातला वाळका शेवगा ओढून पाहिला. शेवगा आला, आणि त्याच्या मुळाशी असलेला पाण्याचा पाइपही आला. गल्लीला दिवसभर पाणी नव्हतं, पण साडू भेटेल त्याला सांगत होता, "काय ताकद आहे बघा, जमिनीखालचं पण सोडलं नाही." माझ्या हातून असं झालं असतं तर बायको आठवडाभर बोलली नसती. त्याच्या बाबतीत ती म्हणाली, "किती हौशी आहेत ना ते." हौशी हा शब्द तिने माझ्यासाठी लग्नानंतर एकदाही वापरलेला नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. माणसाला बायकोकडून कौतुक मिळालं नाही तरी चालतं, त्याची सवय होते. पण माझी एक जागा होती, तिला धक्का लागला आणि मी खरा जळायला लागलो. ती जागा म्हणजे गव्हाणच्या घरात थोरल्या जावयाची. आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते गव्हाणचे मिठागरवाले. तरुणपणी मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या आणि आपल्या थोरल्या भावाबरोबर खाडीत होडी घातली. टोपल्यांनी मान अशी आखडली की पुढे सोडून दुसरीकडे वळेना. मागचं काही बघायचं तर ते सबंध अंगाने वळतात, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखे. मला मुलगी दिली तेव्हापासून डॉक्टरकडे जायचं, बँकेत जायचं, मोजणीवाल्याशी बोलायचं, काही असलं की "मोठ्या जावयांना इचारा" हे त्यांचं ठरलेलं. मी शिकलेला, मी शांत, मी थोरला. जिथे कुठे जायचं तिथे मी गाडी चालवणार आणि ते माझ्या शेजारी बसणार. ते फार बोलत नसत, पण गव्हाणहून पनवेलपर्यंत माझ्या शेजारी ते निर्धास्त झोपत. कुणीतरी आपल्या भरवशावर घोरतंय याचं सुख काय असतं ते मी सांगून कळणार नाही.

आणि आबांची होडी. आगरी बोलीत होडीला ते होरी म्हणत. मिठागरं गेली, खाडीवर भराव पडला, जिथे भरतीचं पाणी दाराशी यायचं तिथे आता कंटेनरची रांग उभी असते, पण होडी त्यांनी विकली नाही. अंगणात शेडखाली ओंडक्यांवर उलटी घातलेली होती. वर्षातून एकदा तिला तेल पाजायचे आणि तिच्या शेजारी खाट टाकून बसायचे. एका रविवारी आम्ही सगळे जेवायला जमलो असताना ते म्हणाले, "एकदा पान्यात बगायची हाय तिला." म्हणायचा अवकाश, साडूचे डोळे चमकले. त्याचा आपटा गावात पाताळगंगेच्या काठी जमिनीचा तुकडा आहे. नदी आहे, काठ उतरता आहे, गाडी आहे. नव्हती ती फक्त होडी वाहायची ट्रॉली, आणि नसलेली वस्तू विकत घेणं हे तर त्याचं जीवितकार्य. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आबांना हवी असलेली एक गोष्ट अशी आहे जी मी कुठल्याच खिडकीवर अर्ज देऊन मिळवून देऊ शकत नाही.

ट्रॉली आली, चांगली भक्कम, दोन चाकांची, गाडीच्या मागे अडकवायची. आबांनी तिच्याभोवती अंगाने वळत एक फेरी मारली आणि अट घातली. "होरी मागं बांदणार. मना मागचा दिसत नाय. कुटं आपटली, कुटं घसरली, तर कोन सांगल? मागचा दिसला पायजे, तरच होरी हलंल." यामागे त्यांचं जुनं शास्त्र होतं. त्यांच्या होडीत ते पुढे वल्हवायला बसत आणि त्यांचा थोरला भाऊ मागे सुकाणूवर. पुढचा नुसता बघतो, होडी नेतो तो मागचा, असं ते सांगत. धुक्यात काही दिसेनासं झालं की ते मागे न वळता नुसतं ओरडत, "मागं कोन हाय?" आणि भाऊ म्हणे, "मी हाय." तेवढ्यावर होडी पुढे जाई. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, त्यानंतर आबा पाण्यात उतरले नव्हते.

साडूने ही अट ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याच्या तोंडावर खरेदीला निघालेल्या माणसाचं तेज आलं होतं. चार दिवसांत तो ट्रॉलीचा कॅमेरा घेऊन आला. ट्रॉलीच्या शेपटाला खांद्याएवढा उंच लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला लिंबाएवढा कॅमेरा, आणि गाडीत पुढच्या सीटसमोर पडदा. कोपऱ्यात होडीचं मागचं टोक दिसावं आणि त्यापलीकडे मागचा सगळा रस्ता. गॅरेजवाल्याला हात लावू द्यायचा नाही, सगळं आपणच बसवणार, ही त्याची प्रतिज्ञा. आधी त्याने बिनतारी कॅमेरा आणला. तो घराच्या अंगणात उत्तम चाले आणि विजेच्या मोठ्या तारांखालून गेलं की आंधळा होई, आणि आपल्या भागात तारांखालून न जाणारा रस्ता कुठला. मग तारेचा आणला. ट्रॉलीच्या पोटाखालून तार नेताना तो दोन रविवार पाठीवर झोपला होता, फक्त पाय दिसत. माझी मेहुणी त्या पायांना विचारून चहा देत असे. तार बसली आणि त्याच रात्री उंदरांनी कुरतडली. मला ही बातमी फोनवर कळली तेव्हा मी "अरेरे" म्हटलं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अरेरे म्हणताना हसू नये." त्याने नवी तार घातली, तिला वरून नळी चढवली, नळीला कडुलिंबाचं तेल चोपडलं, आणि कॅमेरा लागला.

लागला म्हणजे काय, साडू पुढे जायचाच थांबला. आमच्याकडे येताना तो आळीच्या तोंडाशी गाडी वळवून ट्रॉलीसकट उलटा येऊ लागला. ट्रॉली जोडलेली गाडी मागे घेणं हे खरोखर कठीण काम आहे, चाक डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे पळते. पण हा मान न वळवता, पडद्यात बघत, एका हाताने चाक फिरवत अशी आणायचा की आळीतली पोरं टाळ्या वाजवायची. घरी पाहुणे आले की चहा झाल्यावर त्यांना गाडीत नेऊन बसवायचा. गाडी बंद, फाटक बंद, पाहुणे दाटीवाटीने आत आणि सगळ्यांची नजर पडद्यावर. पडद्यात काय, तर त्याच्याच घराची मागची भिंत आणि तिच्यासमोर बाजेवर वाळत घातलेले पापड. "क्लिअरिटी बघा," साडू म्हणे, "पोह्याचे कुठले आणि उडदाचे कुठले, ओळखा." एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी चुकीचं ओळखलं तर त्याने खाली उतरून एक पापड आणला आणि त्यांना दाखवला. मीही त्या गाडीत बसलो होतो. उडदाचे ओळखू आले. ओळखू आले याचंच वाईट वाटलं. आबांना त्याने पडदा दाखवला तेव्हा ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दिसताय. मागचा दिसताय." मग साडूच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. माझ्या पाठीवर त्यांनी कधी हात ठेवला होता ते आठवत मी घरी आलो.

होडी हलवायला दसरा ठरला. सीमोल्लंघनाचा दिवस, त्या दिवशी निघालेलं काम फसत नाही असं सासूबाईंचं मत. सकाळी आम्ही गव्हाणला पोचलो तर होडी ट्रॉलीवर चढून, दोरांनी बांधून तयार. गाडीला झेंडूचे हार, टपावरच्या प्रत्येक दिव्याला वेगळं फूल. ट्रॉलीच्या मागे एक काळी बाहुली टांगली होती, लिंबू-मिरची वेगळी. मी सहज विचारलं, "एवढं कशाला?" मेहुणी म्हणाली, "लोकांची नजर वाईट असते हो." अंगणात लोक म्हणून फक्त मी उभा होतो. मग मी नेहमीच्या सवयीने पुढचं दार उघडलं, आबांना बसवायला माझ्या गाडीचं, आणि पाहिलं तर आबा साडूच्या गाडीत पायरीवरून चढून पडद्यासमोर बसलेसुद्धा होते. सासूबाई आणि मेहुणी मागच्या सीटवर. "तुमी मागून या," आबा मला म्हणाले. मी दार लावलं. इतक्या जोरात लावायचं कारण नव्हतं, काच खाली घसरली.

निघण्याआधी सासूबाई पुन्हा उतरल्या, त्यांची पूजा राहिली होती. चारी चाकांना, ट्रॉलीच्या दोन चाकांना, होडीच्या नाळेला म्हणजे पुढच्या टोकाला ओलं हळदकुंकू लावत त्या मागे आल्या आणि त्यांना पाइपाच्या टोकावर तो चकाकणारा गोल डोळा दिसला. गाडीचा डोळा आहे हे त्यांना कौतुकाने सांगितलेलंच होतं. डोळ्याला आधी लावायचं राहिलं, या अपराधी भावनेने त्यांनी सगळ्यात मोठं बोट भरून कुंकू त्याच्यावर टेकवलं, चांगलं ठसठशीत, आणि नमस्कार करून गाडीत जाऊन बसल्या.

आम्ही गव्हाण फाट्यापर्यंत पोचलो नाही तोच पुढची गाडी थांबली. मागे कंटेनरवाले भोंगे वाजवू लागले. मी उतरून गेलो तर साडू हातात फडकं घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा आणि आबांचा आवाज आतून, "मना मागचा दिसत नाय. गारी हलायची नाय." पडदा संपूर्ण लाल होता. साडूने फडकं उचललं आणि खिडकीतून सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"काय पुसताव तुमी?"

"आई, कॅमेरा आहे तो. त्याला दिसायला पाहिजे."

"कुकू हाय ते, दसऱ्याचा. माजा मालक गारीत बसलाय, होरी चाललीय, आन् तुमी कुकू पुसताव?"

साडूचा हात खाली आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाचा शिक्षक आहे, दृष्ट, शकुन वगैरे मी मानत नाही, वर्गात तसं सांगतोही. पण ते फडकं माझ्या हातात दिलं असतं तर मीही ते कुंकू पुसलं नसतं. मेहुणीही पुसणार नव्हती, माझी बायकोही नाही. आमच्या घरातलं कुणीच, नवरा जिवंत असलेल्या बाईने लावलेलं कुंकू तिच्या डोळ्यादेखत पुसणारं नव्हतं. उंदीर, विजेच्या तारा, सगळ्यांना पुरून उरलेला तो कॅमेरा सासूबाईंच्या एका बोटाने बंद पाडला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. इतका स्वच्छ आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तेवढ्यात आबा म्हणाले, "मोठे जावय कुटं हायत?"

"मागे आहेत, आबा. त्यांच्या गाडीत," साडू म्हणाला.

"मंग झाला. त्यांना दिसताय ना? त्यांना सांगू दे."

साडूने फडकं खिशात घातलं. नंतर जे म्हणाला ते म्हणताना त्याला किती जड गेलं असेल हे मला माझ्यावरून कळत होतं. "दादा, फोन चालू ठेवाल का? मागून सांगत राहा फक्त."

अशा रीतीने त्याने हौसेने बसवलेल्या त्या कॅमेऱ्याची जागा मी घेतली. माझी बायको शेजारी फोन हातात धरून बसली आणि मी त्या होडीवरची नजर काढली नाही. तशी त्या गाडीवरून माझी नजर कधी हटलीच नव्हती, फक्त आज ती कामाची होती. सुरुवातीला मला जरा स्फुरण चढलं. "आता समोर कर्नाळ्याचा सुळका दिसतोय, हा ज्वालामुखीच्या खडकाचा..." एवढं म्हणतो तोच फोनमधून आबा म्हणाले, "डोंगर नको. होरी सांगा." मग मी होडी सांगू लागलो. दोर घट्ट आहे. चढणीवर जरा डुलतेय, पण जागेवर आहे. डावीकडून ट्रक येतोय, जाऊ द्या त्याला. मधेच शांतता झाली की त्यांचा आवाज येई, "मागं कोन हाय?" आणि मी म्हणे, "मी आहे, आबा." आपटा फाटा येईपर्यंत हे किती वेळा झालं कुणी मोजलं नाही. दर वेळी विचारताना त्यांचा आवाज थोडा अधिक सैल होत होता. शेवटी फोनमधून नुसतं घोरणं ऐकू आलं. बायकोने फोन माझ्या कानाशी धरला आणि हसली. ती हसणं लपवत नव्हती आणि मला तिचा राग आला नाही.

नदीकाठी खरी परीक्षा होती. ट्रॉली उलटी पाण्यात घालायची, आणि मान वळवून मागे कसं बघायचं हे साडू विसरलेला. तो पडद्यात बघायला गेला की कुंकू. ट्रॉली एकदा डावीकडच्या करंजाच्या झाडाला लागायला निघाली, एकदा वाटेवरच आडवी झाली. तो घामाघूम. मग मी पँट वर करून पाण्यात उभा राहिलो आणि "येऊ दे, येऊ दे, डावीकडे कापून, आता सोड, बस" असं सांगत त्याला एकेक हात आत आणलं. पाणी ट्रॉलीच्या कण्याला लागलं, होडी हलली, मग तरंगली. आबा काठावर उभे होते.  होडी सरळ उभी राहीपर्यंत त्यांनी एक हात पुढे धरला होता, कुणाला तरी थांबवल्यासारखा.

संध्याकाळी काठावरच्या दगडांवर साडू आणि मी ओल्या पँटने बसलो होतो. तो बराच वेळ पाण्यात खडे टाकत होता. मग म्हणाला, "दादा, एक सांगू? राग येतो मला तुमचा." मी म्हटलं, "माझा? का?" तो म्हणाला, "मी ट्रॉली आणली, कॅमेरा बसवला, पुढे माझ्या शेजारी बसवलं त्यांना. अख्ख्या वाटेत एक शब्द माझ्याशी बोलले नाहीत. सारखं आपलं मागं कोन हाय, मागं कोन हाय. आणि तुमचा आवाज आला की गप्प. मी आणखी काय बसवायचं गाडीत, सांगा ना."  माझा कुणी हेवा करतं ही बातमी मला नवी होती आणि ती मी घरी पोचेपर्यंत जिभेवर घोळवत होतो. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि माझ्या गाडीत फोन अडकवायचा एक चिमटा स्वतःच्या हाताने बसवून गेला. माझ्या गाडीच्या अंगावर चढलेली ती पहिली वस्तू. "लागेल पुन्हा," एवढंच म्हणाला.

पाताळगंगेला पावसात पूर येतो म्हणून होडी जूनआधी गव्हाणला परत आणली, तेव्हाही मी मागून होतो. कुंकू एव्हाना वाळून झडून गेलं होतं, पडदा पुन्हा स्वच्छ दिसत होता, तरी आबांनी माझ्यावाचून गाडी हलू दिली नाही. साडूने मला नंतर सांगितलं की ते पडद्यात होडीकडे बघतच नव्हते. होडीच्या मागे माझी लहान गाडी दिसते का, तेवढं बघत होते. मधे सिग्नलला मी मागे राहिलो तर त्यांनी गाडी थांबवायला लावली होती.

श्रावणात आबा गेले, झोपेतच. दसऱ्याच्या सुमाराला सासूबाई म्हणाल्या, "त्यांची होरी पान्यात जाऊ दे." त्या वर्षी घरात सण नव्हता. गाडीला हार नव्हता, पूजा नव्हती, कॅमेऱ्याला कुंकू लावायला कोणी पुढे आलं नाही. बायका सासूबाईंपाशी थांबल्या. साडूने पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बसा दादा. जागा तुमचीच आहे." मी माझी गाडी अंगणात सोडून त्या पायरीवरून वर चढलो. किती दिवस मला त्या सीटवर बसायचं होतं. ती मऊ होती, उंच होती, आणि समोरचा पडदा इतका स्वच्छ होता की दोरांच्या गाठीसुद्धा दिसत होत्या. गाव सुटलं. पडद्याच्या कोपऱ्यात होडीचं टोक, आणि त्यापलीकडे सगळा मोकळा रस्ता. मी बघत राहिलो. साडूही पडद्यातच बघत होता. थोडं पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली.

"रिकामं दिसतंय ना?" तो म्हणाला.

मी खाली उतरलो. अंगणात परत चालत गेलो, माझी गाडी काढली, मान वळवून मागे घेतली आणि येऊन त्याच्या मागे लागलो. फोन चिमट्यात अडकवून लावला. बराच वेळ त्याने फोन उचलला नाही. मग उचलला, आणि सबंध जन्मात जो माझ्याशी कधी गावच्या बोलीत बोलला नाही, त्याने विचारलं, "मागं कोन हाय?"

"मी हाय," मी म्हटलं, आणि गाडी सुरू झाली.